आबांची अर्धी अमेरिका

आमच्या आळीत त्यांना सगळे अमेरिका आबा म्हणायचे. खरं नाव नामदेव केदारी. उभ्या आयुष्यात माणूस एका बाजूला दौंड आणि दुसऱ्या बाजूला कल्याण यांच्या पलीकडे गेलेला नव्हता, पण बोलायला बसला की दहा मिनिटांत अमेरिकेत पोचायचा. विषय कुठूनही निघो. नळाला पाणी आलं नाही, कुणाच्या जावयाला कंपनीनं घरी बसवलं, पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला, आबा चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "अमेरिकेत बी आसंच झालं हुतं." मग समोरचा माणूस पायानं चपला चाचपायला लागायचा.

मी लोणावळ्याच्या ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायला आले तेव्हा त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. सामान उतरवत होते तर हे पांढरी टोपी घातलेले, वाळक्या अंगाचे गृहस्थ न विचारता आत आले, माझ्या गॅसची नळी त्यांनी शेगडीला बसवून दिली आणि तिला दोनदा हिसका देऊन पाहिला.

"जोडलं की दोनदा वढून बगायचं," ते म्हणाले. "येकदा वढल्यालं फसवतं."

ही त्यांची सवय पुढे मी रोज पाहिली. फाटकाची कडी लावली की दोन हिसके. सुनेनं दोरीवर साडी वाळत घातली की चिमट्याला दोन हिसके. मी परगावी निघाले की माझ्या बॅगेच्या पट्ट्यालासुद्धा. आयुष्यभर लोणावळा स्टेशनात पॉइंट्समन होते ते. यार्डात डबे जोडायचे, आणि फलाटावर बँकर सोडवायचे. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. गाडी वर लोणावळ्यात पोचली की बँकरचं काम संपलं. त्याचं कपलिंग, म्हणजे डब्याला जोडणारी कडी, काढायचं. गाडी पुण्याकडे जाते आणि बँकर रिकामे खाली कर्जतला जातात. आबांचं या बँकरवर फार प्रेम. गाडीतल्या माणसांना पुढचं इंजिन दिसतं, स्टेशनवर पोरं त्यालाच हात करतात, मागच्याला कोणी विचारत नाही, याचं त्यांना वाईटही वाटायचं आणि त्यात त्यांना काहीतरी बरोबरही वाटायचं. "रेटा मागनं, मान फुडच्याला," असं ते म्हणत. लग्नाच्या वरातीत, अंत्ययात्रेत, ग्रामसभेत, आबा कायम सगळ्यांच्या मागे.

मी इतिहासाची बाई आहे हे कळलं आणि मग माझी सुटका नव्हती.

"मंग तुमाला अमेरिकेतला रेल्वेचा संप ठावं आसल."

"कुठला, आबा?"

"आठराशे सत्त्याहत्तरचा. मार्टिन्सबर्गचा."

मी चाटच पडले. मार्टिन्सबर्ग हे नाव माझ्या वर्गात कधी कुणी घेतलेलं नव्हतं, अगदी मीसुद्धा. मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी, चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपाच्या थोडं आधी, इथल्या रेल्वेच्या हॉलमध्ये मुंबईहून एक वक्ते आले होते. त्यांनी जगभरच्या संपांची माहिती दिली. नामदेव केदारी तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले, सर्वांत मागच्या रांगेत उभे. आणि त्या भाषणानं त्यांना जे धरलं ते पन्नास वर्षं सोडलं नाही.

गोष्ट सांगायची त्यांची तऱ्हा मात्र अस्सल मावळी. मार्टिन्सबर्ग म्हणजे "आपलं कर्जत समजा." डोंगर, घाट, करवंदीच्या जाळ्या. फायरमनची आणि ब्रेकमनची नावं भाषणात आली असतील-नसतील. आबांना आठवत नव्हती, म्हणून त्यांनी आपली घातली. "जॉन म्हना न्हाईतर जानू म्हना, तुमाला काय फरक पडतो?" तर हा जानू सकाळी कामावर आला आणि त्याला कळलं की कंपनीनं पगार पुन्हा कापला. त्याच सालात दुसऱ्यांदा. मालकांचा नफा मात्र जागच्या जागी. जानूनं आरडाओरडा केला नाही. तो गाडीखाली वाकला आणि त्यानं कपलिंग काढलं. मग दुसऱ्यानं काढलं. मग तिसऱ्यानं. सगळी इंजिनं एकामागोमाग एक शेडमध्ये नेऊन लावली आणि सांगितलं, कापलेला पगार परत द्या, तोवर इथनं चाक हलणार नाही. गावचा मुख्य माणूस आला, त्याची लोकांनी हुर्यो उडवली. शिपाई आले, तर तेही यांचेच सोयरे निघाले, बंदूक उचलायला त्यांचं मन धजलं नाही. आणि बातमी तारेवरून पसरली, या गावातून त्या गावात, आणि सबंध अमेरिकेत रेल्वे उभी राहिली.

"समदी इंजिनं शेडात," आबा हळूच म्हणायचे. "येक चाक हालंना."

आणि थांबायचे. चष्मा पुन्हा नाकावर. "चला, च्या झाला का बगू."

कारण तेवढ्यात, ते सांगत, खालून मालगाडी आल्याची वर्दी आली, त्यांची ड्यूटी सुरू झाली, बँकर सोडवायला हॉलमधून निघावं लागलं. परत आले तोवर सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या आणि वक्ते पुढच्या गाडीनं गेले होते. आबांची अमेरिका तिथंच राहिली, शेडमध्ये.

मला पुढचं माहीत होतं. सैन्य आलं. पिट्सबर्गमध्ये गर्दीवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली, लोकांनी चिडून तिथलं शेडच पेटवून दिलं, त्यात तिथली इंजिनंही जळाली. उन्हाळा सरायच्या आत सगळं संपलं. पगार बहुतेक ठिकाणी कापलेलाच राहिला आणि पुढाकार घेतलेल्यांची नावं काळ्या यादीत गेली. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. मोठं औदार्य वगैरे नव्हतं त्यात. एखाद्याच्या देवघरात जाऊन मूर्ती कुठल्या मातीची आहे ते सांगू नये, इतकंच. शिवाय ऐंशीच्या घरात चाललेला माणूस; करायचंय काय शेवट कळून?

कधीकधी मला त्यांचा रागही यायचा. कॉलेजातून दमून यावं, पेपरांचा गठ्ठा टेबलावर पडलेला असावा आणि भिंतीपलीकडून हाक यावी, "बाई, हाय का?" त्यांना माहीत असायचं मी आहे. मग चहा, आणि जानू.

त्यांची बायको हिरामावशी यांना ही अमेरिका अजिबात खपत नसे. त्या भांडी घासता घासता तिथूनच बोलायच्या. "त्या अमेरिकेनं माझी पातेली रस्त्यावर आनली. सांगा की बाईस्नी त्ये." मग एकदा ते स्टेशनवर गेलेले असताना मावशींनीच सांगितलं. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात संप झाला तेव्हा लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पोलिसांनी आबांना उचलून नेलं, आणि रेल्वेच्या खोलीतून मावशींना सामानासकट बाहेर काढलं. "माझ्या पोटात थोरला. डोक्यावर ऊन. पातेल्यात निम्मा शिजल्याला भात, त्यो बी भाईर." संप मोडला. आबांची नोकरी गेली. तीन-चार पावसाळे चिक्कीच्या कारखान्यात गूळ ढवळला त्यांनी, आणि सरकार बदललं तेव्हा कुठं रेल्वेनं परत घेतलं. "तवापासनं गोड खात न्हाईत," मावशी म्हणाल्या. "सनाला पुरनपोळी केली तर कटाची आमटी तेवढी पितात."

"या संपाबद्दल ते कधी बोलत नाहीत."

"कसं बोलतील? त्यास्नी पोलिसांनी धरलं त्याचं काय न्हाई. सुटून आले तर बरुबरची मानसं कामावर. मागच्या अंगानं, तारेच्या कुंपनातनं, येक येक जन गुपचूप आत गेल्याला. ह्यो म्हनं मी न्हाई गेलो, त्यो म्हनं मी न्हाई. सक्क्या मैतराचं तोंड बगितलं न्हाई फुडं यांनी."

मावशी गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. आबांनी त्यांच्या फोटोची खुंटी भिंतीत ठोकली आणि दोनदा ओढून पाहिली.

घरात राहिले मुलगा आणि सून. मुलगा तळेगावच्या बाजूला टेंपो चालवतो, त्याची फेरी कधी संपेल याचा नेम नाही. सून संगीता कुसगावच्या एका लाँड्रीत कामाला. लाँड्री म्हणजे तसा कारखानाच. आसपासच्या हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल सगळे तिथं धुवायला येतात. वाफेनं भरलेल्या शेडमध्ये तीसेक बायका दिवसभर चादरी पिळतात, इस्त्रीखालून काढतात, घड्या घालतात. संगीताच्या हातांची सालं कायम निघालेली असायची. दोन वर्षांपूर्वी, नाताळच्या तोंडावर, शेठनं नवं मशिन आणलं आणि आता काम हलकं झालं म्हणून पगार कापला. त्याच सालात दुसऱ्यांदा.

संगीतानं हे घरी सांगितलं तेव्हा मी तिथं होते. आबांनी चष्मा कपाळावर नेला. मी मनात म्हटलं, झालं. पण या वेळी समोरची व्यक्ती चपला शोधत नव्हती. संगीता उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होती, लग्न होऊन आल्यापासून ऐकलेलीच गोष्ट, पण जणू पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी बायका लाँड्रीच्या फाटकाबाहेर बसल्या. पुढे संगीता, आणि तिच्या शेजारी शमीम, इस्त्रीवरची सगळ्यांत जुनी बाई, नवरा गेलेला, दोन मुली शिकवणारी. बायकांचा हिशेब सरळ होता. नाताळ ते एकतीस डिसेंबर लोणावळ्यात हॉटेलं ओसंडून वाहतात. चादरी नाहीत तर हॉटेलं नाहीत. आबा गोणपाट काखोटीला मारून रोज जायचे आणि सगळ्यांच्या मागे, रस्त्याच्या कडेला टेकायचे. दुपारी ऊन कलायला लागलं की बायका म्हणायच्या, "आबा, अमेरिका." मग जानू आला, वाकला, कपलिंग काढलं. इंजिनं शेडमध्ये लागली की बायका टाळ्या वाजवायच्या. माझी सुट्टी होती, मीही अधूनमधून जात असे. एवढ्या वर्षांत आबांना श्रोते मिळालेले मी पहिल्यांदा पाहिले आणि मला बरं वाटलं. फार काळ नाही.

शेठनं चादरी तळेगावला पाठवायला सुरुवात केली. कमी पडत होत्या, पण चालत होतं. बायकांच्या घरी कुरबुर सुरू झाली. मग शेठचा मॅनेजर फाटकाशी येऊन सांगून गेला की ज्यांना यायचं त्यांनी खुशाल या, कापलेल्या पगारावर, कोणाला काही बोलणार नाही. फक्त संगीता आणि शमीम या दोघींना आता इथं काम नाही. त्या दुपारी बायका एकमेकींकडे पाहत नव्हत्या. कोणी म्हणे सासूचं दुखतंय, उद्या जमायचं नाही. कोणी म्हणे पोराला ताप आहे. मला मावशींची आठवण झाली.

शमीमनं मागे वळून हाक मारली. "आबा, रोज हितंच थांबता तुमी. इंजिनं शेडात लागली. फुडं काय झालं? आज सांगाच."

बायका त्यांच्याकडे पाहत होत्या आणि ते माझ्याकडे. मग सगळ्याच माझ्याकडे वळल्या. मी इतिहासाची बाई. घसा साफ केला आणि वर्गात सांगते तसं सांगायला लागले, की असे लढे लगेच यश देत नसतात, पण त्यातून पुढे संघटना उभ्या राहिल्या, कायदे झाले, एका अर्थानं...

"हारले, बाई," आबा म्हणाले. "हारले म्हना."

माझं वाक्य तिथंच तुटलं.

"सैन्य आनलं आसल. गोळ्या घातल्या आसतील. पगार कापल्यालाच ऱ्हायला आसल. व्हय का न्हाई?"

"हो," मी म्हटलं. "पण आबा, तुम्हाला कुठून कळलं? तुम्ही तर भाषण अर्धवट सोडून..."

"अमेरिकेचं मला काय ठावं न्हाई. आमचं ठावं हाय. रूळ हितला काय आन तितला काय." त्यांनी लाँड्रीच्या फाटकाकडे पाहिलं. "आन तितं बी येक येक जन मागल्या दारानं आत गेला आसल."

त्यालाही मी हो म्हटलं.

संगीता ताडकन उठली. सासऱ्यासमोर मी तिला आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. "मंग आमाला अर्धीच गोष्ट का सांगितली? इतकं दीस भाईर बसलो आमी, तुमच्या जानूपायी!"

"सगळी सांगितली आसती तर बसली आसतीस?"

"न्हाई!"

"म्हनून."

"मंग आज तरी कशाला सांगताय?"

आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. फार थकलेले दिसत होते. त्यांना इतकं म्हातारं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. "कारन उद्यापासनं तुमी येकेक करून जानार. मला दिसतंय त्ये. हिची सासू आजारी, तिचं प्वार आजारी. मी कुनाला नावं ठेवत न्हाई, प्वाट हाय समद्यास्नी. पन येकेक करून गेलात तर जन्मभर येकमेकीच्या तोंडाकडं बगता यायचं न्हाई. त्ये हारन्यापरीस वाईट आसतं. जायचं तर समद्या मिळून जावा. फुडच्या दारानं, दिवसाउजेडी. आन ह्या दोगींना आत घेत न्हाईत तवर येकीनंबी उंबरा वलांडू नका."

"आन पगार?" कुणीतरी विचारलं.

"त्यो गेला," आबा म्हणाले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई रडायला लागली. संगीता सासऱ्याशी एक शब्द न बोलता एकटीच घरी निघाली, आबा गोणपाट काखेत घेऊन तिच्या मागं, पाच-पन्नास पावलं अंतर ठेवून. त्या दिवशी भिंतीपलीकडून मला चहाची हाक आली नाही.

सकाळी मी गेले तेव्हा मला वाटलं होतं, दोघी-तिघी असतील. सगळ्या होत्या. आजारी सासूवालीही होती. थंडीनं तोंडातून वाफा निघत होत्या. फाटकापासून रस्त्यापर्यंत त्या एकीमागे एक उभ्या राहिल्या, हातात हात धरून, लहान पोरी आगगाडी खेळतात तशा. पुढे संगीता, मग शमीम, मग बाकीच्या. आबा मागून पुढे आले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे. त्यांनी संगीता आणि शमीमचे एकमेकींत अडकवलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि हिसका दिला. मग पुन्हा एकदा. हात सुटले नाहीत. संगीतानं मान वळवली होती, पण तिचे डोळे भरलेले मला दिसले.

मग आबा परत शेवटी जाऊन उभे राहिले.

मॅनेजरनं फाटक उघडलं आणि त्या दोघी सोडून बाकीच्यांना या म्हणाला. कोणी हललं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. शेवटच्या बाईच्या पाठीमागून आबांचा आवाज आला, "धरून ऱ्हावा गं." मॅनेजर आत गेला, फोन लावून आला, परत गेला. तोवर हॉटेलांच्या गाड्या मळक्या चादरींची गाठोडी घेऊन येऊन रस्त्यात उभ्या राहायला लागल्या आणि एकतीस तारीख अगदी तोंडावर आलेली. शेवटी शेठ स्वतः गाडीतून आला, काच खाली करून त्यानं रांगेकडे पाहिलं आणि वैतागून हात हलवला. घ्या सगळ्यांना. कापलेल्या पगारावर.

रांग तशीच्या तशी, हात न सोडता, फाटकातून आत गेली. शेवटची बाई आत जाईपर्यंत आबा तिच्या मागे चालत होते. फाटकाच्या रुळापाशी ते थांबले. आत पाऊल टाकलं नाही. फाटक लागलं. आतून मशिनं सुरू झाल्याचा आवाज आला आणि शेडच्या पत्र्यातून वाफ निघायला लागली.

तो विजय होता का, हे मला आजही सांगता येत नाही. संगीता अजून तिथंच आहे, शमीमही. पगार परत आला नाही. आबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. होळीच्या आधी झोपेतच गेले. मी तेव्हा प्रशिक्षणासाठी नागपूरला होते. त्याच दुपारच्या गाडीनं गेलेली, मध्ये परत येणं झालं नाही. म्हणजे मी त्यांना पाहिलं ते शेवटचं त्या सकाळी, कुसगावच्या रस्त्यावर.

"चला आबा, रिक्षा करू," मी म्हटलं होतं. "दमलात तुम्ही."

"न्हाई बाई. उतार हाय. उताराला रेटा द्यायला कोन लागतंय?" असं म्हणून त्यांनी गोणपाट काखेत मारलं आणि चालायला लागले. थोडं खाली गेल्यावर ते वळले आणि बराच वेळ फाटकाकडे पाहत उभे राहिले. मीही वळून पाहिलं. फाटक बंद होतं. संगीताला किंवा शमीमला एकटं कोणी परत बाहेर काढलं नव्हतं. मग ते गेले.